भिंतीकडं बघा!

मुरुडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत कधी आलात, तर उंबरठ्यावरच तुम्हाला हुकूम सुटेल, "भिंतीकडं बघा!" घाबरू नका. तुमच्या हातून काही गुन्हा घडलेला नसतो. आमचे सेक्रेटरी हरेश्वरमामा कम्प्युटरचा पासवर्ड घालत असतात, एवढंच. भर वाऱ्यात होडी हाकणारा, दाराएवढा उंच गजा तांडेलसुद्धा अशा वेळी शिक्षा झालेल्या पोरासारखा तोंड फिरवून उभा राहतो. भिंतीवर बघण्यासारखं काय, तर एक जुनं कॅलेंडर आणि एक पाल. मी तिथे क्लार्क आहे, त्यामुळे ती पाल आता माझ्या घरच्यासारखी झाली आहे.

हे खूळ मामांच्या डोक्यात शिरलं अलिबागच्या एका शिबिरात. तिथे त्यांना कुणीतरी कम्प्युटरच्या सुरक्षेवर अर्धा दिवस शिकवलं आणि पुढे आम्हाला कायमचं भोगायला लावलं. एस्टीतून उतरले ते थेट धावतच ऑफिसात. धोतर सुटेल की काय अशी मला धास्ती. "गो पोरी, कम्प्युटरला कुलूप हाय! आपोआप लागतं! चावी न्हाय, कडी न्हाय!" लगेच त्यांनी मिनिटभराचं लॉक लावलं आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. आम्ही श्वास रोखून बसलो. पडदा काळा झाला आणि मामांनी टाळीच वाजवली. "लाजाळू हाय गो, लाजाळू! आपन उठलो की यो मिटला पायजे!" मग कोळीवाड्यातून जो येईल त्याला हा खेळ पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगते, पहिले काही दिवस मलाही मजा वाटली.

पुढे मात्र अति झालं. मामा चहाला उठले की लॉक, खिडकीतून थुंकायला गेले की लॉक. एकदा टेबलावर मांजर आली, तर तिच्या तोंडासमोर त्यांनी टोपीने पडदा झाकला. मी हसले, तर म्हणाले, "हसू नको. ती कुनाच्या घरची हाय, म्हाईत हाय का तुला?"

आता त्या पासवर्डची गोष्ट. तो रोज बदलायचा, हाही शिबिराचाच प्रसाद. रोज नवीन शब्द आणायचा कुठून? मामांनी आपल्या परीने तोड काढली. दुपारी बंदरावर जो मासा घेतला, त्याचं नाव आणि पुढे आपल्या जुन्या होडीचा नंबर. संध्याकाळी ऑफिस बंद करताना तो घालायचा, की दुसऱ्या दिवशीची सोय झाली. मासा कुणाला दिसू नये म्हणून तो कागदात, कागद पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. मग घरी जाऊन तोच मासा तव्यावर!

अहो, पिशवीत मासा लपेल, तव्यावरचा बोंबील कसा लपेल? होडी ऑफिससमोरच उपडी पडलेली, नंबर हा एवढा ठळक रंगवलेला. राहिलं माशाचं नाव. मामांच्या शेजारी मासे विकणारी हिराबाई राहते. तिचं नाक म्हणजे नाक! ओट्यावर बसल्या बसल्या ती नुसता वास घेऊन सांगायची, "मांदेली गो. आनि कोकम जास्त परलंय." सोमवारी मामा मासे खात नसत, त्या संध्याकाळी वालाची उसळ आणि पासवर्डही 'वाल'. आख्ख्या आळीला आमच्या सोसायटीचा पासवर्ड जेवणाआधी कळलेला असायचा.

आम्हाला त्याची गरजही पडायची. ऑफिसातून डिझेलची चिठ्ठी निघाल्याशिवाय होडीत डिझेल पडत नाही, आणि मामांचा अर्धा जीव बंदरावर. भरती कुणासाठी थांबते? मग मी गुपचूप 'हलवा' नाहीतर 'बांगडा' घालून चिठ्ठी काढायची आणि साळसूदपणे बसून राहायची. मामा परत आले की आम्ही आपले भिंतीकडे तोंड करून उभे.

एका सकाळी मामा आलेच नाहीत. म्हटलं, असतील बंदरावर. चिठ्ठ्यांसाठी रांग लागली, पाणी भरत आलं होतं. मी 'सुरमई' घातलं. नाही. 'बोंबील'. नाही. 'मांदेली'. तेही नाही. गजा तांडेल कावला, "हिराबाईला इचार की!" रस्त्यानं चाललेल्या हिराबाईला मी दारातूनच हाक मारली. ती टोपली खाली ठेवून आली आणि म्हणाली, "काल वासच न्हाय आला गो."

म्हणजे काल मामांनी काही रांधलंच नव्हतं. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बोर्ली पंचतनला दिलेली. घरात दुसरं माणूस नाही. चिठ्ठ्या राहिल्या तिथेच आणि सगळी रांग मामांच्या घराकडे पळत सुटली.

दाराला आतून कडी. बाहेर ती संशयित मांजर ओरडत बसलेली. हाका मारून उपयोग होईना, तेव्हा गजाने खांदा घालून कडी तोडली. मामा खाटेवर तापाने फणफणले होते. मासा कोपऱ्यात, दोन्ही पिशव्यांत तसाच. गजाने त्यांना उचललं तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले, माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटले, "रावस. पन ह्यांना भिंतीकडं बघाया सांग." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, ताप उतरला. चिठ्ठ्याही निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले आणि न राहवून सांगून टाकलं, "मामा, रागवू नका. तुमचा पासवर्ड आम्हाला रोज कळायचा."

"म्हाईत हाय," मामा पेजेत चमचा फिरवत म्हणाले. "मी बंदरावर नि चिठ्ठ्या निघतात. भुतं काढतात का?"

"मग बदलला का नाही?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "येकट्या मानसानं काय रांधलं, जेवला का निजला तसाच, कोन इचारतं गो? तुमी तरी रोज वास घेत होतात."

पेज थंड होतेय, एवढंच मी म्हणाले.

मामा पुन्हा कामावर आले आहेत. लॉक मिनिटभराचंच आहे, हुकूमही तोच आणि आम्ही मुकाट्याने भिंतीकडे बघतो. फक्त आळीची एक सवय वाढली आहे. दिवेलागणीला मामांच्या घरून वास आल्याशिवाय कुणाला घास गोड लागत नाही. कधी उशीर झाला की चार ओट्यांवर माणसं उभी राहतात. मग तवा चरचरतो आणि हिराबाई आनंदाने ओरडते, "आला गो, आला! पापलेट!"

आणि आतून मामांचा खणखणीत आवाज येतो, "भिंतीकडं बघा!"