लाल चाकांचं द्यायचं, एका पट्ट्याचं ठेवायचं

"एक इंजिन द्यायचं, एक घ्यायचं! यात चुकण्यासारखं आहे काय, इर्मी? तू खुशाल जा बहिणीकडे!" लोथार डिपोल्डने छाती फुगवून सांगितलं.

इर्मीच्या कपाळावरची आठी हलेना. फ्युर्टमधल्या त्यांच्या घरात चावीच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या इतक्या, की लोथारचे शर्ट पलंगाखाली राहायचे. सगळी इंजिनं पत्र्याची, हिरवी, एकाच साच्यातली! पण कुणाच्या अंगावर एक पिवळा पट्टा, कुणाच्या दोन. कुणाची चाकं लाल, कुणाची काळी. एवढ्याशा फरकासाठी बाई पार ड्रेस्डेनपर्यंत धावायची.

"उल्महून तो कूनो, माझ्यासारखाच गाड्या जमवणारा, त्याच्या मेव्हण्याला पाठवतोय. लाल चाकांचं आपलं, ते द्यायचं. एका पट्ट्याचं त्याचं, ते ठेवून घ्यायचं. म्हण बघू!"

"लाल द्यायचं, एक पट्टा ठेवायचा," लोथारने पाढा म्हटला.

मेव्हणा ओटमार हेबर्ले आला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही हो!" तो दारातच म्हणाला, आणि लोथारला तो सख्ख्या भावासारखा वाटला. कॉफी झाली, आलुबुखारचा केक कापला, शेजारी फेटलेल्या सायीचं भांडं.

"चालतात तरी का ही?" हेबर्लेने विचारलं.

दोघांनी चाव्या दिल्या. इंजिनं खडखडत टेबलभर धावली आणि एकामागोमाग एक थेट सायीत!

"मेलो! इर्मी मला घराबाहेर काढेल!"

"आणि कूनो मला घरात घेणार नाही!"

साय पार आतल्या दातेरी चाकांत गेलेली. मग स्क्रू काढले, चाकांवरचे पत्र्याचे टप उचलले, दात घासायच्या ब्रशने सगळं धुतलं, इर्मीच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं आणि परत जोडलं.

"घ्या, लाल चाकांचं तुम्ही न्या," लोथार म्हणाला.

"एका पट्ट्याचं तुम्ही ठेवा," हेबर्ले म्हणाला.

दोघांचे हात एकाच इंजिनावर पडले!

दुसऱ्याला पट्टे दोन आणि चाकं काळी. ते द्यायचंही नव्हतं आणि ठेवायचंही नव्हतं!

"मघाशी असंच होतं का हो?"

"मघाशी मी केककडे बघत होतो."

खूप डोकं खाजवल्यावर लोथारने ठरवलं, 'ठेवून घ्यायचं' हे इर्मी शेवटी म्हणाली होती, तेव्हा शेवटचा हुकूम खरा. लाल चाकांचं, एका पट्ट्याचं इंजिन त्याने ठेवलं. दुसरं उल्मला गेलं.

संध्याकाळी इर्मीने ते पाहिलं आणि किंचाळली. लोथारने डोळे मिटून घेतले.

"एक पट्टा आणि लाल चाकं! अरे, असं कुणाकडेच नाही! कूनोला कळलं कसं नाही?" तिने लोथारचा मुका घेतला. तो नुसता तरंगायला लागला. आपण नक्की काय केलं, हे त्याला कळत नव्हतं, पण झकास केलं होतं!

तेवढ्यात फोन वाजला. कूनो. आनंदाने तोही असा ओरडत होता की लोथारला कोचावर ऐकू यावं.

"काय सांगतोस! दोन पट्टे आणि..." इर्मीचा आवाज बारीक झाला. "...काळी चाकं?"

तिने फोन ठेवला. पट्टा पाहिला, चाकं पाहिली, मग नवरा पाहिला.

"लोथार," ती फार गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघांनी ही उघडली होतीत?"

"हो, पण म्हणून काय झालं?" लोथार अभिमानाने म्हणाला, "परत लावलीसुद्धा! एक स्क्रू उरला नाही!"