दादा आणि रिकामी खुर्ची

"स्वतःबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं मुरबाडच्या समुपदेशक स्नेहल मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा रूपेशने अगदी मनापासून उत्तर दिलं होतं, "दादाला विचारून सांगतो."

दादा म्हणजे थोरला भाऊ कमळू. रूपेशने केस किती बारीक कापायचे इथपासून बायको कुठल्या गावची करायची इथपर्यंत सगळं त्यानेच ठरवलेलं. धसईच्या नाक्यावर रूपेशचं जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि तांब्याच्या तारांच्या त्या गुंत्यात तो सुखी होता. पण कमळूने वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यावर, ढाबा काढायचं मनावर घेतलं आणि जेवताजेवता जाहीर करून टाकलं, "रूपेश दुकान बंद करील नि गल्ल्यावर बसल." रूपेश "हो दादा" म्हणाला आणि तेव्हापासून त्याला घास गिळेना. शेवटी बायको अनितानेच त्याला मॅडमकडे नेऊन बसवलं.

मॅडम समजूतदार होत्या. चार भेटी त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "घरी एक रिकामी खुर्ची समोर ठेवा. दादा तिथे बसलेत असं समजा. इतकी वर्षं जे बोलला नाहीत, ते खुर्चीला सांगा."

शनिवारी तशी संधी आली. कमळू आणि शालनवहिनी ढाब्याची टेबलं आणायला शहापूरला गेली, अनिता बाजाराला गेली. रूपेशने खुर्ची गोठ्यात नेली, म्हशीची माफी मागितल्यासारखं तिच्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

"दादा," तो म्हणाला आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "दादा, इतकी वरसं तुज्यासमोर मी तोंड उघडलं नाय. आता तू काय उलट बोलणार नायस, म्हणून बोलतो…" पुढचं बोलायच्या आधीच त्याला हुंदका फुटला. मॅडमनी सांगितलं होतं, आलं तर रडून घ्या. त्याने मन लावून रडून घेतलं आणि मग ढाब्यावर येणार नाही हेही खुर्चीला सांगून टाकलं.

तो रडत होता तेव्हाच शेजारची जनामावशी विरजण मागायला परसदारी आली होती. तिने गोठ्याच्या दाराला कान लावला, ऐकलं, आणि वाटी तिथेच टाकून पळत सुटली.

"कमळू गेला गो! शापूरला गेला तो गेलाच!"

कुणीतरी कमळूला फोन लावला. रिंग वाजत राहिली. "उचलत नाय," तो म्हणाला. "उचलणार कसा?" जनामावशी म्हणाली आणि लोकांची खात्री पटली. भजनी मंडळाचा सोमा टाळ घेऊन आला. भगीरथ बांबू तोडून घेऊन आला. बायाबापड्या ओटीवर बसल्या.

रूपेश मोकळा होऊन, सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आला तर अंगण भरलेलं. सोमाने त्याला मिठीच मारली.

"रूपेश, आवर सोताला."

"काय झालं?"

"आता आमच्यापासून काय लपवतोस? कमळू गेला ना!"

रूपेशला खुर्ची आठवली. आत्ताच, दार ओढून, आपण त्याला काय काय बोललो! "ढाब्यावर येणार नाय म्हणालो म्हणून गेला," असं म्हणत त्याने जो हंबरडा फोडला, त्याने गोठ्यातली म्हैसही दावं ओढू लागली. बाजारातून आलेली अनिता भाजीची पिशवी घेऊन गर्दीतून पुढे घुसली.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

सोमाने भगीरथकडे बघितलं. भगीरथने जनामावशीकडे. जनामावशी म्हणाली, "आता गो बाय, रूपेशच तर आत रडत व्हता!"

"मला तर सोमाने सांगितलं," रूपेश हुंदके देत म्हणाला.

तेवढ्यात टेबलांनी भरलेला टेम्पो अंगणाच्या तोंडाशी थांबला. कमळू उतरला. गर्दी बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

सोमाने टाळ पाठीमागे लपवले. शेवटी जनामावशीने धीर केला. "तू."

उलगडा व्हायला वेळ लागला. शालनवहिनी टेम्पोतच पदर तोंडाला लावून हसत बसल्या. कमळूही आधी हसला. मग त्याची नजर बांबूंवर गेली.

"हे माज्या बेटातले?"

"मेलेल्याला इचारणार कसं?" भगीरथ म्हणाला.

कमळूने ते गिळलं. त्याने गर्दीवरून सावकाश नजर फिरवली आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "धाकलू दिसत नाय. लहानपणापासूनचा दोस्त माजा."

"सांगावा धाडला व्हता," सोमा चाचरत म्हणाला. "भात झोडून येतो म्हणला."

"मी मेलो नि तो भात झोडतो?" कमळू मटकन ओटीवर बसला. "मग रडलं कोण?"

सगळ्यांनी रूपेशकडे बोट दाखवलं.

कमळूने धाकट्या भावाकडे बघितलं. डोळे सुजलेले, नाक लाल, सदऱ्याला शेण. "एवढा रडलास व्हय रे माज्यासाठी?"

रूपेशला खोटं बोलता येत नसे. "अर्धा तुज्यासाठी," तो म्हणाला. "अर्धा दुकानासाठी. दादा, मी दुकान बंद करणार नाय. मला मोटरी आवडतात. ढाब्यावर मी बसणार नाय."

रूपेश जागचा हलला नाही. अनिताने पिशवीचे बंद घट्ट धरले. कमळू काहीतरी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात अंगाखांद्याला भाताचं कुसळ चिकटलेला धाकलू हार घेऊन धापा टाकत आला. कमळूला बसलेला बघून तो जागीच थबकला.

"जिता हाय? मग मळणी मोडून मी उगाच आलो!"

"बरा आलास," कमळू घाईघाईने म्हणाला. माणूस हातचा जाऊ द्यायची त्याला सवय नव्हती. "माज्या ढाब्याच्या गल्ल्यावर तू बसायचं."

"छ्या! मला नाय जमायचं," धाकलू म्हणाला आणि हार सोमाच्या हातात देऊन पाणी प्यायला माठाकडे गेला.

"बरं," कमळू म्हणाला. "मग दुसरा कोण तरी बघू." आणि तो उठून टेबलं उतरवायला लागला.

रूपेश आ वासून धाकलूकडे बघत राहिला. इतक्या भेटी, ती खुर्ची, ते रडणं, आणि हा माणूस पाणी पिता पिता सहज नाय म्हणून मोकळा झाला होता.

"रूपेश," टेम्पोवरून कमळूने हाक मारली, "टेबलाला हात लावतोस का?"

"हा प्रश्न हाय का हुकूम, दादा?"

कमळूने क्षणभर विचार केला. "प्रश्न," तो म्हणाला.

"मग लावतो," म्हणत रूपेशने बाह्या सरसावल्या.