करंदीकर आणि न जेवणारा हरी

करंदीकर उंदराचं तापमान मनगटावर बघत. तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली बघावी तशी ते पिशवी मनगटाला टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "अजून दोन अंश." पिशवीतला उंदीर मेलेला, बर्फात गोठवलेला, कोमट पाण्यात बुडवून त्याला जिवंत उंदराइतका गरम करायचा हा सगळा घाट. आणि करणारा माणूस इतका शाकाहारी, की केकमध्ये अंडं नाही हे कळल्याशिवाय वाढदिवसाला टाळीसुद्धा वाजवायचा नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुवेतमध्ये, फहाहीलला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. नाशिकचे, पन्नाशीचे, एकटे. माझे मिस्टर आणि ते दोघेही मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला. घरी एका काचेच्या पेटीत मनगटाएवढा जाड अजगर. मायदेशी परत गेलेल्या एका इंग्रज शेजाऱ्यानं तो त्यांच्याकडे सोपवला होता. साहेबानं नाव ठेवलं होतं हॅरी, करंदीकरांनी त्याचा हरी केला.

दर दहा दिवसांनी ते शुक्रवारच्या बाजारातून जिवंत उंदीर आणत, तोंड फिरवून पेटीत सोडत आणि स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ मोठा करत. एकदा हरीला भूक नव्हती आणि उंदराला राग होता. उंदीरच हरीला डोळ्यापाशी कडकडून चावला. करंदीकरांनी रजा टाकली. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि सांगितलं, यापुढे मेलेले, गोठवलेलेच उंदीर द्या. ससाणे पाळणाऱ्या कुवेतींसाठी एक दुकान होतं, तिथे ते मिळत. करंदीकरांच्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी उंदीर आले.

हरीनं तोंड लावलं नाही. करंदीकरांनी भिंतीवर तक्ता लावला. त्यात नोंदी: 'नकार.' 'हुंगलं, नकार.' 'पाठ फिरवली.' नुसत्या पाण्यानं उंदराचं डोकं पुरेसं तापत नाही, म्हणून माझा हेअर ड्रायर मागून नेला. परत द्यायला आले तेव्हा मी तो त्यांनाच भेट देऊन टाकला. दोन महिने झाले तरी ते चिमट्यात शेपूट धरून उंदीर हलवत बसलेलेच. मी कीव केली की म्हणत, "सिस्टीमला वेळ द्या, वहिनी."

त्याच सुमारास माझी आई गेली. दिवसकार्य उरकून मी वडिलांना, नानांना, सोलापूरहून कुवेतला घेऊन आले. नाना जेवेनात. चहा घेत, अर्धी पोळी कुस्करत आणि ताट सरकवत. मी समोर बसून घासाघासाला आग्रह करायची, मग रडायची. त्यांच्या सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसायला लागली, तेव्हा मी घाबरले.

करंदीकरांना जिन्यात हे सांगितलं. ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडे बघत बसता. बघत बसलं की कुणाला घास जात नाही." आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दारात येऊन नानांना म्हणाले, पेटीचं झाकण धरायला माणूस हवाय, जरा येता का.

नाना जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले, सापाला घाबरणारे. भिडेखातर गेले ते दोन तासांनी आले. हरीनं काय केलं विचारलं, तर म्हणाले, नकार. मग सहज सांगितलं, तिकडे वरणभात होता, थोडा खाल्ला. त्या रात्री मी त्यांना घासाघासाला आग्रह केला नाही.

पुढे नाना रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात समोरून दोघांचा एकदम आवाज आला, म्हणून मी धावले. हरीनं झडप घालून उंदराला विळखा घातला होता. दोघेही जमिनीवर मांडी घालून, श्वास रोखून बघत होते. तक्त्यावर नानांनी फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, 'जेवला.'

मी आभार मानायला गेले, तेव्हा करंदीकर ताटल्या विसळत होते. पाठमोरेच बोलले. त्यांची बायको नाशिकला वारली, तेव्हा ते इथे होते. विमान मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर आठवडाभर त्यांनी काही खाल्लं नाही. तो इंग्रज शेजारी रोज संध्याकाळी टोस्टच्या दोन बशा घेऊन यायचा, एक समोर ठेवायचा आणि आपली खात टीव्ही बघत बसायचा. एक शब्द विचारायचा नाही. "जाताना त्यानं एवढंच मागितलं, की सापाला सांभाळ. मला सापाची किळस होती, वहिनी. पण नाही कसं म्हणणार?"

मी म्हटलं, तुम्ही माझ्या वडिलांना वाचवलंत. त्यांनी नळ बंद केला.

"तसं नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी ओट्याशी उभ्यानंच जेवतोय. नाना आले म्हणून टेबलाशी बसलो."

पुढच्या शुक्रवारपासून दर आठवड्याला मी करंदीकरांचं पान आमच्याकडे मांडू लागले. नाना सोलापूरला परतले, तरी आम्ही कुवेत सोडेपर्यंत मी ते पान मांडत राहिले. करंदीकर येत, बसून जेवत. मी त्यांच्याकडे बघत नसे.