तीन नळ्या आणि एका धडाची मोहीम

शके एकोणीसशे सेहेचाळीस, कार्तिक वद्य पक्षी, विस्कॉन्सिन प्रांती राजश्री व्हर्लिन श्टूसी, दूधसंघाचे निवृत्त टँकरचालक, यांणी एकबारी बंदुकीची मोहीम कैसी केली आणि यश कोणास आले, ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरतेच.

त्या बंदुकीची कळा ऐसी की धड, म्हणजे दस्ता आणि घोडा, एक आणि नळ्या अनेक. सशास बारीक नळी, हरणास थोर नळी, खिळा काढावा आणि बदलावी. नळीस सरकारी कागद लागत नाही, टपालाने घरपोच येते. दुकानातील धडास मात्र कागद आणि चौकशी. सबब व्हर्लिनराव कागदास कंटाळोन, धड काय कधीही मिळेल ऐसे मनी धरोन, आधी तीन नळ्या घेते जाले, आणि मग कारखानदाराने ती बंदूकच बंद केली! नळ्या कपाटात, धडाचा पत्ता नाही. कुटुंब लुआनबाई यांणी फर्मावले, "पडदे तरी लाव त्यांना!" मागील साली मेहुणे डेल यांची बंदूक उसनी नेली, त्याचे टोमणे वर्षभर पुरले: "दाजी, यंदा दातही माझेच नेणार का?" शनिवारी हरणाची शिकार खुली होणार, उसन्या बंदुकीने जाणे त्यापरीस घरी बसणे बरे, ऐसा रावांनी पण केला.

तों पशुखाद्याच्या दुकानातील फळ्यावर चिठ्ठी दिसली की अर्डिसबाई हालवर्सन, उमर एक्याऐंशी, यांजपाशी तेच धड आहे, विचारणा करावी. मग गुरुवारी राव नळ्या रजईत गुंडाळोन, पिकअप गाडीत घालोन, दरकूच निघाले.

आता त्या मुलखाचा रिवाज ऐसा की आल्याआल्या कामाचे बोलणे म्हणजे बेअदबी, आणि किंमत काढणे तो तर गुन्हाच. मग कॉफी जाली, आणि हवापाणी जाले, आणि बटाट्याखाली भाजलेला खिमा दोनदा वाढोन जाला, आणि भोपळ्याच्या वड्या जाल्या. तीन तास वेढा पडला, परंतु तोफ कोणीच डागेना. अखेर राव घाम पुसोन बोलिले, "त्या धडाचं काय घ्याल?"

"विकायचं कुठं म्हटलं मी? माझी नळी गंजून गेली रे. नळी शोधतेय मी!"

रावांच्या पायांखालची जमीन सरकली. किल्ला घ्यावयास आले, तों किल्लेदारीणच यांच्या किल्ल्यावर टपोन बसलेली! नळ्या आहेत ऐसे सांगावे तर बाई मागतील, आणि मागितल्यावर नाही म्हणणे त्या मुलखात कोणाच्या बापास जमले नाही. मग रावांनी दोन्ही मांड्यांवर थाप मारिली आणि "चला मग" म्हणोन उठले. मग दारात अर्धा तास, आणि ओसरीवर अर्धा तास, आणि बाई निरोपास गाडीपाशी आल्या तों खिडकीतून डोकावल्या.

"रजईत काय रे?"

"नळ्या," राव मान खाली घालोन म्हणाले. "तीन."

"अरे मेल्या! दोन ताटं खिमा हाणलास आणि आत्ता सांगतोस?"

तेथेच खिडकीत तह जाला: अर्धे धड रावांनी शंभर डॉलरांस खरेदी करावे, दीड नळी बाईंस द्यावी, बंदूक दोघांची, शनिवारी बाईंच्या रानात एकाच झाडाखाली बसावे. बाईंनी तीन वेळां पैसे नाकारले आणि चवथ्यांदा घेतले.

शनिवारी पहाटे उभयतां, शिकाऱ्यांस सरकारी नेम तैसे, भगवे अंगरखे, भगव्या टोप्या लेऊन ठाण मांडोन बसले. बंदुकीत गोळी एकच. तों दहा फाट्यांच्या शिंगांचे थोर हरिण चाळीस पावलांवर येऊन उभे राहिले. रावांनी बंदूक बाईंपुढे सरकविली.

"मारा तुम्ही," ते कुजबुजले.

"छे रे, तू मार. पाहुणा ना तू."

"वयानं मोठ्या तुम्ही."

"म्हणून तर सांगते, मार."

हरणाने ओकची फळे स्वस्थपणे खाल्ली, एकवार उभयतांकडे पाहिले आणि झाडीत निघोन गेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. बंदूक कबजात आली, गोळी शाबूत राहिली, आपल्या माणसांपैकी कोणी पडले नाही, शत्रूपैकीही नाही. थोर विजय जाला. तो कोणाचा, हे मात्र दप्तरी लिहिता आले नाही. राव म्हणती बाईंचा, आणि बाई म्हणती रावांचा.