रंगनाथ तिसरे

आमच्या मंडळाच्या नाटकात खांबेटेकाकांना दरवर्षी एकच वाक्य असतं. "साहेब, चहा." बाकीचे नट आपापली वाक्यं विसरतात, काका मात्र हे वाक्य म्हणून झाल्यावर तीन सेकंद थिजतात. हातात ट्रे, एक पाय पुढे, मान झटक्यात वळलेली, डोळे वटारलेले. साहेबाचं काम करणारा बिचारा चहासाठी हात पुढे करून तसाच उभा. आणि त्या तीन सेकंदांत शेवटच्या रांगेतून कोणीतरी बोंबलतं, "तिसरेऽऽ!"

ते कोणीतरी म्हणजे मी.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, मी डेटाबेस सांभाळायला आले होते हो, बोंबलायला नाही. पण मी पडले नागपूरची, म्हणून काकांनी हे काम मला दिलं. पुण्याच्या माणसाचा आवाज पहिल्या तीन रांगांच्या पुढे जात नाही, असं काकांचं ठाम मत आहे. ते स्वतः पुण्याचे आहेत, तेव्हा आपण कशाला वाद घालायचा.

झालं असं, की तरुणपणी काकांना कंपनीनं दोन वर्षं ओसाकाला पाठवलं. तिथं त्यांनी काबुकी हे पारंपरिक जपानी नाटक पाहिलं आणि माणूस कामातून गेला. "तिकडे नटाचं नाव त्याच्या एकट्याचं नसतं गं! बापाकडून मुलाकडे येतं. पाचवे, नववे, बारावे! मुलगा नसला तर चेल्याला दत्तक घेतात, पण नाव सोडत नाहीत. आणि नट ऐन क्षणी थिजला की जाणकार प्रेक्षक मागून ओरडतो, नुसतं 'तिसरे!' म्हणून. नटाचं सोनं होतं."

काका स्वतः रंगनाथ तिसरे. आजोबा पहिले, वडील दुसरे. दोघांनी म्हणे गावोगावच्या जत्रा गाजवलेल्या. एका वर्षी मंडळाच्या पत्रिकेत चुकून 'शिपाई : शरद खांबेटे' असं काकांचं कागदोपत्री नाव छापलं गेलं. काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अत्यंत खेदपूर्वक' अशी सुरुवात करून लांबलचक निषेध टाकला. त्यावर अकरा जणांनी हात जोडले आणि दोघांनी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. काकू म्हणाल्या, "घरात कधी एक कप चहा केला नाही ह्यांनी. स्टेजवर मात्र बघा!"

पहिल्या वर्षी मी घाईत ओरडले, तेव्हा स्टेजवर नायिका रडत होती. ती दचकून रडायचीच थांबली. काकांनी मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "अर्धा सेकंद आधी. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही, कळलं?" तेव्हापासून दर नाटकाआधी माझी तालीम. काका आपल्या ड्राइव्हवेत थिजायचे आणि मी रस्त्यापलीकडून ओरडायची. शेजारच्या अमेरिकन बाईनं एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना?

काकांना एकच घोर होता. चौथे कोण? मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. "डॅड, आय डोन्ट इव्हन ॲक्ट!" हे त्याचं उत्तर काका तीन वर्षं ऐकत होते. शेवटी यंदा तो म्हणाला, "फाइन. फाइव्ह मिनिट्स." काकांना आभाळ ठेंगणं झालं. मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात पाच नाही, तीनच मिनिटं दिली, तीही फॅशन शो आणि घरं विकणाऱ्या प्रायोजकाचं भाषण यांच्या मध्ये. काकांनी रेशमी कापडाच्या दोन गाद्या शिवून घेतल्या. जपानी रिवाजाप्रमाणे दोघांनी गुडघे टेकून बसायचं, काकांनी नाव दिल्याचं जाहीर करायचं आणि मी मागून ओरडायचं, "चौथे!"

कार्यक्रमाच्या दुपारी शाळेच्या संगीतवर्गात, म्हणजे आमच्या मेकअपरूममध्ये, काका फोन हातात घेऊन बसलेले दिसले. निखिलच्या कारखान्यात काहीतरी बंद पडलं होतं. त्यानं फ्लाइट कॅन्सल केली होती.

"पुढच्या वर्षी करू ना काका," मी म्हटलं.

"माझे आजोबा पोस्टमन होते," काका म्हणाले.

"नाटकातले ना?"

"पोस्टातले. वडीलही पोस्टातच. स्टेजची पायरी चढले नाहीत कधी."

मला हसावं की रडावं कळेना. "मग तिसरे कशाला, काका?"

"इथं आपण सगळे पहिलेच गं. घरातला पहिला परदेशी गेलेला, पहिला इथंच राहिलेला. मागं बघितलं तर कोणी नाही. पुढं बघितलं तर मुलगा इंग्रजीत बोलतो. वाटलं, मीही कुणाच्या तरी मागून आलोय, असं एकदा म्हणून बघावं. मग तू ओरडायला लागलीस. मला खरंच वाटायला लागलं."

इतक्यात मंडळाचे सेक्रेटरी डोकावले. "काका, निखिल नाही ना येत? मग तुमचा स्लॉट प्रायोजकांना देऊ?"

"नाही," म्हणून काका उठले. दोन्ही गाद्या त्यांनी स्वतः नेऊन मांडल्या आणि एकीवर बसले. दुसरी रिकामी. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "मी, रंगनाथ तिसरे..." पुढचं वाक्य मुलाला नाव देण्याचं होतं. ते काही येईना. लोक सामोशाच्या रांगेकडे सरकायला लागले. वाकलेले काका तसेच राहिले. माझ्या तोंडात 'चौथे' तयार होतं आणि ओरडायला चौथा नव्हता. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगते. मी पोटापासून ओरडले, "तिसरेऽऽऽ!"

काकांनी मान वर केली. झटक्यात वळवली, डोळे वटारले आणि तीन सेकंद थिजले. रांगेतले लोक वळून बघायला लागले, आणि कोणीतरी टाळी वाजवली.

नंतर ते गाद्या उचलत होते. "अर्धा सेकंद उशीर झाला."

"मी रडत होते, काका."

"रडतानाही वेळ सांभाळावी." त्यांनी दुसरी गादी माझ्या हातात दिली. "ही तू ने घरी. पुढच्या वर्षी शिपायाचं काम तू कर. माझे गुडघे दुखतात आता."

"मी? आणि मागून ओरडणार कोण?"

"मी आहे ना," काका म्हणाले. "तू फक्त तीन सेकंद थांब."