उलट्या कांद्याचा वाफा

जमीन पडीक असते तोवर तिला कोणी विचारत नाही. तिच्यात पहिली कुदळ पडली की ती साऱ्या गावाची जबाबदारी होते. एकाने खणायचं आणि बाकीच्यांनी त्याला खणू द्यायचं नाही, अशी ही कामाची वाटणी आहे. ती फार विचारपूर्वक झालेली असावी, कारण सगळीकडे सारखीच आढळते.

१९४३ साली, लढाई जोरात असताना, भाजीपाला वाढवण्याचा हुकूम इंझोरीला पोचला. (भाजीपाल्याने लढाई कशी जिंकायची हे त्यात लिहिलेलं नव्हतं, पण हुकुमात सगळंच कुठे लिहितात.) गावात सरकारी पडीक जागा एकच होती, जुना कोंडवाडा. भटकी गुरं कोंडण्यासाठी बांधलेल्या त्याच्या भिंती गावकऱ्यांनी पुढे दगड दगड करून आपापल्या घरी सुरक्षित नेऊन ठेवल्या होत्या. उरलेल्या जागेत रुई होती, तरोटा होता, बोरीची झुडपं होती, गुडघाभर हरळी होती आणि बैलगाडीचं एक मोडकं चाक होतं. चाकावर तिघांचा हक्क होता, पण ते उचलायला त्यांपैकी एकही तयार नव्हता.

जागा कोण घेतो असं चावडीवर विचारलं तेव्हा सगळी मंडळी खाली बघू लागली. इंद्रभान चुकून वर बघत राहिला आणि जागा त्याला मिळाली. (या पद्धतीला एकमत म्हणतात.) अट अशी की संक्रांतीच्या आधी तालुक्याचे साहेब पाहणीला येतील. मळा हिरवा दिसला तर जागा पाच वर्षं इंद्रभानची. नाहीतर ती शेजारच्या मारोतरावाला कडब्याची गंजी रचायला.

इंद्रभानला स्वतःला या जागेचं फारसं काही नव्हतं. त्याच्या बायकोला, गोजराबाईला, होतं. तिच्या माहेरी विहिरीवर मळा होता, आणि लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं ती दर भोगीला बाजारातली, दोन दिवस पोत्यात दडपलेली वांगी शिजवत आली होती.

"एक डाव मले माह्या मळ्यातलं वांगं भोगीले शिजवू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग काईच मांगत नाई."

इंद्रभानचा बायकोवर जीव होता. त्या काळी हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून त्याने कुदळ उचलली.

पहिल्याच दिवशी अकरा जण बघायला आले आणि त्यांनी मिळून चौतीस सल्ले दिले. त्यांतले दहा एकट्या मारोतरावाचे होते, आणि दुपारचे पाच त्याच्याच सकाळच्या पाचांच्या विरुद्ध होते. जागा इंद्रभानच्या हातून गेली तर ती आपल्याला मिळणार, हे मारोतरावाला पक्कं ठाऊक होतं. पण डोळ्यांदेखत कोणी चुकीचं खणत असताना गप्प बसणं हे माणसाच्या ताकदीबाहेरचं काम आहे.

"इंद्रभान, उगवतीकडून खंदून राह्यला तू? काहून?"

"मंग कुकडून खंदू, काका?"

"मावळतीकडून. मानसाची पाठ उनाले पायजे."

इंद्रभान मावळतीकडून खणू लागला. तिसऱ्या प्रहरी आणखी कोणी उत्तर दिशा सुचवली. एकाला खड्डे खोल वाटले, ते बुजवले. दुसऱ्याला उथळ वाटले, ते पुन्हा खणले. इंद्रभानला खणताना येत नसे तेवढा घाम समोरच्याला नाही म्हणताना येई. दसऱ्यापर्यंत कोंडवाडा चारी दिशांनी खणून, बुजवून, परत खणून झाला. हरळी पार संपली. कोणत्या बाजूला पळावं हेच तिला कळलं नाही. तळाशी दबलेलं जुनं शेणखत वर आलं. एवढी मशागत साऱ्या वऱ्हाडात कपाशीच्याही वाट्याला आली नसेल.

मग कुंपण. इंद्रभानने बोरीच्या काट्या रचल्या. मंडळींना कुंपणाबाहेरून बोलणं परकेपणाचं वाटलं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीने एकेक वाट पाडली, आणि आठ दिवसांत कुंपणात वाटांशिवाय काही उरलं नाही. तारेची चौकशी केली तेव्हा तार लढाईवर गेल्याचं समजलं. इलाज नव्हता. पण मळा काही उघडा पडला नाही. सकाळी भाकरी खाऊन मंडळी बांधावर येत, खांद्याला खांदा लावून दिवे लागेपर्यंत उभी राहत, आणि त्यांच्या पायांतून आत शिरणं मारोतरावाच्या चौदा शेळ्यांनाही जमत नसे. (कुंपण या संस्थेबद्दल या शेळ्यांना एरवी काडीचा आदर नव्हता.)

वांगी, मेथी, पालक, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं जोमाने वर आलं. एके सकाळी मारोतराव बांधावर आला, त्याने वाफ्यावाफ्यात चूक शोधली. मग म्हणाला, "बरं हाय."

ही फार मोठी दुर्घटना होती. चांगल्या गोष्टीला सल्ला देता येत नाही. दुपारपर्यंत बांध रिकामा झाला, आणि संध्याकाळी मेथीचे दोन वाफे मारोतरावाच्या शेळ्यांच्या पोटात होते. वांग्याच्या चार झाडांचे शेंडेही गेले. गोजराबाई वाफ्यात खाली बसली आणि रडली. मग पदराने नाक पुसून तिने विचार केला.

"शेळ्या कवा आल्या?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मानसं गेल्यावर."

"मंग मानसं वापस आना."

"कशी आनू?"

"काईतरी चुकवा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने कांद्याची रोपं लावली. एक वाफा भरून, मुळं वर आणि पात मातीत. न्याहारीपर्यंत बांधावर एकोणीस माणसं होती.

"गोजराबाई, कांद्याचे पाय आभायाकडे काहून?" मारोतराव न्याहारी टाकून आला होता.

"आमच्या माहेरी असेच लावतेत," गोजराबाई शांतपणे म्हणाली.

या उत्तराने पुढचे चार दिवस भागले. पाचव्या दिवशी बुजगावणं घराकडे तोंड करून उभं केलं. सातव्या दिवशी मुळ्याला मांडव घातला. आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली, आणि पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेली दोन कुटुंबं वाट वाकडी करून मळा बघून गेली. शेळ्या लांब उभ्या राहून बघत.

इंद्रभानला मात्र हे सोपं गेलं नाही. तो गरीब होता, मुखदुर्बळ होता, पण मूर्ख असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आता लहानथोर म्हणू लागले. त्याला मनापासून वाईट वाटे. मग तो वांग्यांकडे बघे आणि गुमान मुळ्याच्या मांडवाला पाणी घाली.

पौषात साहेब आले. मळा हिरवागार होता. कुंपण कुठे आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा बांधावरच्या एकतीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात साहेबांना उलटा कांदा दिसला. ते बूट काढून वाफ्यात उतरले आणि दोन तास बोलले. खुशीच्या भरात त्यांनी पाच वर्षांच्या कागदावर सही केली. पुढे तालुक्यातून सर्व गावांना परिपत्रक गेलं की कांदा उलटा लावू नये. तोवर हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. परिपत्रकानंतर सात गावांनी लावून पाहिला. सरकार मनाई करतं म्हणजे त्यात काहीतरी फायदा असणार.

भोगीला गोजराबाईने आपल्या मळ्यातलं वांगं शिजवलं आणि पहिली वाटी मारोतरावाच्या घरी पाठवली. त्याने खाऊन निरोप धाडला की मीठ जरा कमी पाहिजे होतं. उद्या सकाळी तो समजावून सांगायला येणार होता. गोजराबाईने समाधानाने चूल सारवली. इंद्रभान दोनदा वाढून घेऊन जेवला.

आता राहिलात आपण. बोरीऐवजी बाभळीच्या काट्या घालायच्या, शेळ्याच बांधून ठेवायला सांगायचं, ही गोष्ट मुळात गोजराबाईपासून सुरू करायची, असं आपल्याला मघापासून वाटतं आहे. जरूर वाटू द्या. आपण इथवर उभे राहिलात, तेवढ्या वेळात एकही शेळी आत आली नाही.