फळा पुसायचं कापड

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मास्तर खूश झाला. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, शिवणारा. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत घर. त्याची मुलगी तिसरीत होती आणि तिला सगळे चिमणी म्हणत. वर्गाला लागणाऱ्या वस्तू शाळेनं पालकांमध्ये वाटून दिल्या होत्या. कुणी साबण द्यायचा, कुणी डिंकाच्या बाटल्या, कुणी कोरे कागद. चिमणीच्या वाट्याला आलं होतं, फळा पुसायला जुन्या कापडाचे वीस तुकडे.

"यादी करणाऱ्यानं माणूस बरोबर हेरलाय," मास्तर बायकोला म्हणाला. साबणवाल्यांना दुकानात जावं लागेल, आपल्याकडे तर चिंध्यांचा डोंगर आहे, चिमणी मॅट्रिक होईपर्यंत त्या शाळेला फडकं कमी पडणार नाही, असंही त्यानं ऐकवलं. तुकडे मी निवडून ठेवते, असं बायको दोनदा म्हणाली. पण कापडातलं आपल्याला कळतं, असं म्हणून त्यानं ते काम स्वतःकडेच ठेवलं. वीस तुकडे मोजून पिशवीत भरले आणि पिशवी मशीनखाली सरकवली.

तशीच दुसरी पिशवी वर खुंटीला होती. तशीच म्हणजे अगदी तशीच, कारण दोन्ही त्यानंच एका ताग्यातून शिवलेल्या. खुंटीवरच्या पिशवीत शाळेच्या हेडसरांचा कोट होता. कोट अजून कोट झाला नव्हता. बेतून, कापून नुसते भाग ठेवले होते. शनिवारी शाळेचा बक्षीस समारंभ, आणि सरांना तो त्या दिवशी अंगावर हवा होता.

सकाळी चिमणीनं दप्तर पाठीला लावून विचारलं, "बाबा, कुठली पिशवी?" त्या वेळी मास्तरच्या तोंडात सात टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की माणूस बोलत नाही, हनुवटीनं काम चालवतो. त्यानं हनुवटी हलवली. त्याच्या मते ती खाली गेली होती, चिमणीच्या मते वर.

दहाच्या सुमाराला त्यानं खुंटीकडे हात नेला तर खुंटी रिकामी. मशीनखालची पिशवी ओढून बघतो, तर आत फुलाफुलांचे पडदे, उशांचे अभ्रे आणि त्याच्याच जुन्या पायजम्याचा गुडघा. मास्तर तसाच धावत सुटला. गळ्यात टेप, हातात मोठी कात्री.

शाळेच्या शिपायानं आधी कात्री बघितली, मग माणूस. कात्री काढून घेतल्यावरच त्याला आत सोडलं.

खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो वर्गाच्या दाराशी गेला होता. पण तो दिसताच बाईंनी मुलांना उभं केलं. चिमणीच्या बाबांनी इतकं सुंदर, मऊ, नवं कापड दिलंय म्हणून टाळ्या झाल्या. चिमणी पहिल्या बाकावर एवढी ताठ बसली होती की तिच्या वेणीलाही अभिमान वाटत असावा. मास्तरनं तिच्याकडे बघितलं आणि ओठांवर आलेलं खरं गिळून टाकलं.

"बाई, ते तुकडे जरा परत हवे होते. कडा शिवायच्या राहिल्यात. सुतं निघतील."

बाईंना गहिवरूनच आलं. पण इतकं कापड एका वर्गाला कशाला, म्हणून त्यांनी ते शाळाभर वाटलं होतं. मग मास्तर वर्गावर्गातून कोट गोळा करत फिरला. एक बाही पहिलीत सापडली. तिच्यावर अख्खी बाराखडी पुसली गेली होती. दुसरी बाही मुलांनी खिडकीच्या काचा पुसायला घेतली होती. कोटाची पाठ चौथीत मिळाली, आणि चौथीला त्या तासाला चित्रकला होती. खिशाच्या झडपा दोघी मैत्रिणींनी बाहुलीच्या अंथरुणाला घेतल्या होत्या. दोन्ही बाजू, अस्तर, सगळं मिळालं. व्हरांड्यात बसून त्यानं तुकडे जुळवून बघितले. कॉलर नव्हती.

एक छोटासा तुकडा हेडसरांकडे गेलाय, असं शिपायानं सांगितलं.

सर खोलीत चष्मा पुसत बसले होते. हातात त्यांचीच कॉलर.

"या मास्तर. कोट शनिवारी नक्की ना?"

"नक्की सर. तेवढा तो तुकडा दिलात तर कडा शिवून आणतो."

"हा राहू द्या. सुतं निघाली तरी चालतील. इतकी वर्षं चष्मा पुसतोय, पण असं कापड मिळालं नव्हतं." सरांनी कॉलर उजेडात धरून न्याहाळली. "माझ्या कोटाचं कापडही साधारण असंच आहे, नाही?"

"साधारण असंच, सर," मास्तर म्हणाला.

सरांनी कापड बेताचं दिलेलं, दुसरी कॉलर निघण्याइतका तुकडाही उरला नव्हता. मास्तरनं कोटाचे भाग तीनदा धुतले, वाळवले, इस्त्री केले आणि दोन दिवसांत कोट उभा केला. हल्ली कॉलर कुणी लावत नाही, बिनकॉलरचा कोट तरुण दिसतो, असं त्यानं सरांना सांगितलं. तरुण हा शब्द सरांना पटला. वीस तुकडेही कडा शिवून त्यानं बाईंना नेऊन दिले. बाईंनी पडद्यावरची फुलं बघितली, मग त्याच्याकडे बघितलं.

"आधी करडं होतं ना हे?"

"धुतल्यावर जरा रंग उघडला," असं म्हणून तो तिथून निघाला.

शनिवारी तो आणि बायको पालकांच्या तिसऱ्या रांगेत बसले होते. घरी त्यानं अजून यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सर व्यासपीठावर उभे राहिले. कोट बसला होता मात्र झकास.

बायको बराच वेळ बघत होती. शेवटी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, सरांच्या कोटाला कॉलर कशी नाही?"

तेवढ्यात सरांनी भाषणाचा कागद उघडला, चष्मा काढला आणि तो पुसायला कोटाच्या खिशात हात घातला.

"आहे की," मास्तर खाली मान घालून म्हणाला. "खिशात आहे."